फरारबाई : सावित्रीमाईंच्या शाळेआधीची एक शाळा

आपल्या विहारात दरवर्षी ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती होते. मुली भाषणे करतात, लहान पोरी लुगडे नेसून, कपाळाला आडवे कुंकू लावून सावित्रीमाई होतात. भिडेवाडा, शेणाचे गोळे, दुसरे लुगडे या गोष्टी आता आपल्या वस्तीतल्या पहिलीच्या पोरालाही पाठ आहेत. ही मोठी समाधानाची बाब आहे. परंतु सावित्रीमाईंच्याही आधी, सातासमुद्रापलीकडून येऊन मराठी मुलुखात मुलींच्या शाळा चालवणारी एक बाई होऊन गेली. तिची शाळा पाहूनच जोतीरावांच्या मनातल्या विचाराला बळ आले. तिचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. म्हणून या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत त्या बाईंची आठवण जागवावी, असे आम्ही ठरवले.

तिचे नाव मिस सिंथिया फरार. नाव ऐकून पोरे हसतात. मराठीत फरार म्हणजे पळून गेलेला. ही बाई मात्र परक्या मुलुखात चौतीस वर्षे टिकून राहिली आणि इथल्याच मातीत संपली. आपल्याकडे शाळेत शिकवणारीला 'बाई' म्हणतात. तेव्हा आम्हीही तिला या लेखात फरारबाई असेच म्हणणार आहोत.

फरारबाईंचा जन्म १७९५ साली अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मार्लबरो या लहानशा गावी झाला. त्या शाळेत शिकवीत. त्या काळी अमेरिकेतून परदेशी धर्मकार्यासाठी जाणारे जवळजवळ सगळे पुरुषच असत. बाई गेली तर कोणाची तरी पत्नी म्हणून जाई. लग्न न केलेल्या एकट्या बाईला इतक्या दूर पाठवायला तिथली मंडळीही कचरत होती. मुंबईत मात्र अडचण निराळीच होती. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ सालीच मुंबईला आले होते आणि १८२४ साली त्यांनी मुलींची शाळाही काढली होती. पण मुलींच्या शाळांवर देखरेख ठेवायला, मुलींमध्ये बसून काम करायला बाईच हवी होती. मिशनऱ्यांच्या बायका घर, मुलेबाळे आणि आजारपणे यांतून किती वेळ देणार? म्हणून केवळ शाळांच्या कामासाठी फरारबाईंची निवड झाली. जून १८२७ मध्ये त्या बोटीने निघाल्या आणि वर्षअखेरीस मुंबईला पोचल्या. तेव्हा त्यांचे वय होते बत्तीस.

याच १८२७ सालच्या ११ एप्रिलला पुण्यात जोतीरावांचा जन्म झाला होता. ज्या वर्षी जोतीराव पाळण्यात होते, त्याच वर्षी पुढे त्यांना वाट दाखवणारी एक बाई समुद्रात होती. हा योगायोगच, पण लक्षात राहण्यासारखा आहे.

इथे आणखी एका बाईचे नाव घेतले पाहिजे. फरारबाईंच्या पाच वर्षे आधी, १८२२ साली, याच अमेरिकन बोर्डाने हवाई बेटांवर जो जथा पाठवला, त्यात बेट्सी स्टॉक्टन नावाची काळी बाई होती. ती जन्माने गुलाम. पुढे मुक्त झाली, शिकली आणि हवाईतल्या लाहैना गावी तिने साध्यासुध्या कष्टकरी लोकांसाठी शाळा काढली. तोवर तिथे शिक्षण होते ते सरदार-दरकदारांच्या घरातल्यांना. गुलामाच्या पोटी जन्मलेली बाई गरिबांची पहिली शाळा काढते, ही गोष्ट आपल्या माणसांना वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

मुंबईला आल्यावर फरारबाईंनी आधी मराठी शिकायला घेतले. शाळा म्हणजे काही मोठी इमारत नव्हे. एखाद्या घराची ओसरी किंवा भाड्याची खोली, शिकवायला पंतोजी आणि समोर दहा-वीस पोरी. फरारबाई या शाळांतून फिरत, मुलींची परीक्षा घेत, शिवणटिपण शिकवीत. वाचन, लेखन, थोडे गणित, थोडा भूगोल आणि त्याबरोबर ख्रिस्ती प्रार्थना आणि प्रश्नोत्तरे, असा अभ्यास असे. मुली मिळवणे हेच सगळ्यात अवघड काम होते. मुलगी शिकली तर नवरा मरतो, तिने लिहिलेल्या अक्षरांच्या अळ्या होऊन नवऱ्याच्या ताटात पडतात, असल्या समजुती तेव्हा घरोघरी होत्या. आज हसू येते, पण त्या काळी आईबाप खरोखरच भीत. त्यातून वाचलेली मुलगी आठ-दहा वर्षांची झाली की लग्न होऊन सासरी जाई. म्हणजे अक्षरओळख होते न होते तोच शाळा सुटली! कोणी बाटला अशी आवई उठली की एका दिवसात वर्ग रिकामा होई. मग पुन्हा घरोघर जाऊन पोरी गोळा करायच्या. असे दहा वर्षे केल्यावर प्रकृती बिघडली म्हणून १८३७ साली फरारबाई मायदेशी गेल्या. आता ही बाई काही परत येत नाही, असेच कोणालाही वाटले असते. त्या १८३९ साली परत आल्या आणि अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, कामाला लागल्या. त्यानंतर त्या नगरच्याच झाल्या.

नगरला अमेरिकन मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले होते. त्या मुलुखात मिशनला प्रतिसाद मिळाला तो मुख्यतः महार आणि मांग समाजातून. कारण उघड आहे. गावची शाळा त्यांना बंद होती. सरकारी शाळेचे दार कागदावर उघडे असले तरी प्रत्यक्षात काय होते ते १८५६ सालच्या धारवाडच्या प्रकरणात दिसते. तिथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. सरकारने त्याचा हक्क नाकारला नाही, पण इतर लोक मुले काढून घेतील म्हणून प्रवेश मात्र दिला नाही. डॉ. बाबासाहेबांनी आपल्या लेखनात या प्रकरणाचा मुद्दाम उल्लेख केला आहे. अशा काळात ज्यांनी दार उघडले, त्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती. मिशनच्या शाळा, पलटणीतल्या शाळा आणि पुढे जोतीरावांच्या शाळा, एवढीच काय ती दारे.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्यांचे मित्र सदाशिवराव गोवंडे नगरला नोकरीला होते. त्यांच्याकडे गेले असताना जोतीरावांनी फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. ही ऐकीव कथा नव्हे. 'ज्ञानोदय' पत्रात १८५३ साली जोतीरावांच्या शाळांची हकीगत छापून आली, तिच्यात त्यांनी स्वतःच हे सांगितले आहे. आईच्या शिक्षणाने मुलांत जी सुधारणा होते ती फार मोलाची, हा विचार त्यांच्या मनात होताच. नगरच्या शाळा पाहून त्यांना समाधान वाटले, कारण मुलींना जसे शिकवायला हवे तसे तिथे शिकवले जात होते. पुण्याला परतल्यावर त्यांनी मुलींची शाळा काढली. साल १८४८. जागा बुधवार पेठेतला भिडेवाडा.

याचा अर्थ जोतीरावांनी मिशनची नक्कल केली, असा कोणी काढील तर ते चुकीचे आहे. मिशनकडे बोर्डाचा पैसा होता, गोऱ्या राज्याची सावली होती. जोतीरावांकडे यातले काय होते? वडिलांनी १८४९ साली घराबाहेर काढले तेव्हा नवराबायको अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. शिवाय फरारबाईंच्या शाळेला लोक परक्यांची शाळा म्हणून नावे ठेवीत. सावित्रीमाईंना शेण मारले ते आपल्यातल्या बाईने मर्यादा मोडली म्हणून. परक्याला झालेला विरोध आणि घरच्याला झालेला विरोध यांत फरक असतो. तो फरक ज्याने सोसला त्यालाच कळतो.

सावित्रीमाई आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या. खंडाळा तालुक्यातल्या नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी त्यांचा जन्म झाला. जोतीरावांचे मूळ गाव कटगुण, तेही साताऱ्याच्या खटाव तालुक्यातच. लग्न होऊन पुण्याला आल्या तेव्हा सावित्रीमाईंना अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनी त्यांना घरी शिकवले. पुढचे शिक्षण सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर या मित्रांनी पाहिले. त्याशिवाय नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितलेले आहे. कसे शिकवायचे, वर्ग कसा सांभाळायचा, फळ्यावर काय लिहायचे आणि मुलीकडून काय वाचून घ्यायचे हे शिकावे लागते. नुसती तळमळ असून शाळा चालत नाही. नायगावच्या शेतकऱ्याची लेक आणि न्यू हॅम्पशायरची अविवाहित मास्तरीण यांची गाठ पडली ती या कामात.

गुरूचे नाव घेतल्याने शिष्याचा मोठेपणा कमी होतो का? आपल्या काही मंडळींना तशी भीती वाटते. "सावित्रीमाई पहिल्या शिक्षिका, मग ही गोरी बाई मध्येच कुठून आणली?" असे एका बैठकीत आम्हाला विचारले गेले. उत्तर सोपे आहे. सावित्रीमाई या मुलींना शिकवणाऱ्या पहिल्या भारतीय शिक्षिका म्हणून मान्यता पावल्या आहेत, तो मान कोणी काढून घेत नाही. पण दिवा दिव्यावर लावला म्हणून दुसऱ्या दिव्याचा उजेड उसना ठरत नाही. सावित्रीमाईंनी पुढे जे केले ते कोणत्याही नॉर्मल स्कूलमध्ये शिकवीत नाहीत. त्यांनी १८६८ साली नायगावाहून जोतीरावांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. ब्राह्मणाचा गणेश आणि महाराची सारजा यांचे प्रेम जमले म्हणून गाव त्या दोघांना मारायला निघाला होता. सावित्रीमाई धावत गेल्या, इंग्रज सरकारचा धाक घालून त्यांना वाचवले आणि पुण्याला जोतीरावांकडे पाठवले. ही गोष्ट घडली ती आपल्या सातारच्या मातीत. आणि १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या गायकवाडांच्या आजारी पोराला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात गेल्या, प्लेगची लागण झाली आणि १० मार्चला गेल्या.

फरारबाईंच्या मिशनचा आपल्याशी आणखी एक धागा आहे. 'ज्ञानोदय' हे पत्र याच अमेरिकन मिशनने १८४२ साली नगरला सुरू केले. जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी जो निबंध लिहिला, तो १८५५ साली दोन अंकांत 'ज्ञानोदया'नेच छापला. ज्या धर्माचे पुस्तक हातात घ्यायची, ऐकायचीसुद्धा आपल्याला बंदी, तो धर्म आपला कसा, असा सरळ सवाल त्या पोरीने केला होता. त्यानंतर एकशे एक वर्षांनी, १९५६ साली नागपूरला या सवालाला लाखोंनी उत्तर दिले. पोर शाळेत गेली नसती तर सवालच लिहिला गेला नसता.

मग प्रश्न येतो हेतूचा. मिशनरी लोक शाळा काढीत ते धर्मांतरासाठी. हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. फरारबाईंनी स्वतःही ते कधी लपवले नसते. मुलींनी बायबल वाचावे यासाठीच त्या आल्या होत्या. डॉ. बाबासाहेबांनीही मिशनऱ्यांवर कठोर टीका केली आहे. मिशनने हायस्कुले आणि कॉलेजे काढली, त्यांचा फायदा बहुतेक वरच्या जातींनी घेतला आणि खाली राहिलेल्या गरीब बाटलेल्यांकडे मिशनने पुरेसे लक्ष दिले नाही, असा त्यांचा रोख होता. ही टीका आपण विसरू नये. जोतीरावही मिशनऱ्यांचे ऋण मानीत, पण ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला, तो स्वतःच्या बुद्धीने. म्हणजे शाळा घ्यायची आणि विचार आपला करायचा, हा धडा त्यांनीच घालून दिला.

आमचे म्हणणे एवढेच, की हेतू एक गोष्ट आणि अक्षर दुसरी. अक्षर एकदा मुलीच्या हाताला लागले की ते शिकवणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. बायबल वाचायला शिकलेली मुलगी दुसरेही वाचू लागते. कोणी कोणत्या हेतूने दार उघडले याचा हिशेब इतिहासकारांनी जरूर करावा. पण ज्या दारातून आपण आत आलो ते उघडणाऱ्याला विसरणे, हा कृतघ्नपणा होईल. तथागतांनी कृतज्ञतेला मंगल म्हटले आहे. त्यात देणाऱ्याचा धर्म विचारण्याची अट नाही.

फरारबाईंचे निधन जानेवारी १८६२ मध्ये नगरला झाले. वय सहासष्ट. मागे नवरा नाही, मूलबाळ नाही. मागे राहिल्या त्या त्यांनी शिकवलेल्या मुली, आणि त्या मुलींच्या मुली. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या मायदेशात गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध पेटले होते. त्याचा शेवट पाहायला त्या राहिल्या नाहीत. पुढे १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले, ते अर्पण केले अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, निग्रोंना दास्यातून सोडवल्याबद्दल. त्यात फरारबाईंचे नाव नाही. पण अमेरिकेतली माणसे सदाचारी असू शकतात हे जोतीरावांनी काही फक्त पुस्तकात वाचले नव्हते. नगरला त्यांनी त्यातली एक जवळून पाहिली होती.

साताऱ्यात या मिशनचे ठाणे १८४९ सालापासून होते. राज्य खालसा झाले १८४८ ला, म्हणजे त्याच्या आदल्या वर्षी. सांगली भागात मिशनचे नाव निघते ते मिरजेच्या दवाखान्यामुळे. १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी तो उभा केला. आपल्याकडची जुनी माणसे अजून त्याला मिशन दवाखानाच म्हणतात. याच सातारच्या राजवाड्यातल्या हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी हे नाव पटावर चढले. त्यांचे वडील सुभेदार रामजी चौदा वर्षे पलटणीच्या शाळेत मुख्याध्यापक होते. त्या प्रवेशाची आठवण म्हणून २०१७ सालापासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस पाळतात. नायगाव, कटगुण आणि सातारचा राजवाडा ही तिन्ही ठिकाणे एकाच जिल्ह्यात आहेत. आपल्या भागातल्या माणसाने हे अभिमानाने सांगावे.

अमेरिकेतून आलेल्या आणखी एका बाईला आपण सगळे ओळखतो. डॉ. गेल ऑम्वेट. जन्म १९४१ चा, मिनिआपोलिसचा. त्या कोणाचा धर्म बदलायला आल्या नव्हत्या. त्या आल्या जोतीरावांचा अभ्यास करायला आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या होऊन राहिल्या. सत्यशोधक चळवळीवरचा त्यांचा प्रबंध १९७६ साली पुस्तकरूपाने निघाला. पुढे भारतातल्या बौद्ध धम्मावरही त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. २५ ऑगस्ट २०२१ ला त्यांचे कासेगावातच निधन झाले. फरारबाई शिकवायला आल्या, गेलताई शिकायला आल्या आणि आपल्याला आपलीच गोष्ट सांगून गेल्या. मधल्या दीडशे वर्षांत आपला समाज कुठून कुठे आला, हे या दोन बायकांच्या येण्यावरूनही मोजता येईल.

बंधू-भगिनींनो, थोरांची नावे आपण घेतोच. पण प्रत्येक घरात एखादी आजी, आत्या, मावशी अशी असते, जिला पहिल्यांदा कोणीतरी पाटीवर अ काढून दिला. ती बाई कोण होती? मिशनची होती, जिल्हा लोकलबोर्डाची होती, रयत शिक्षण संस्थेची होती, की शेजारची सातवी पास झालेली सून होती? हे विचारून घ्या. म्हातारी माणसे आहेत तोवरच हे कळेल. विहाराच्या वाचनालयात यासाठी एक वही ठेवली आहे. प्रत्येक घराने आपल्या घरात पहिली शिकलेली बाई कोण आणि तिला शिकवणारी कोण, एवढ्या दोन ओळी तिच्यात लिहाव्यात. पुढच्या वर्षी ३ जानेवारीला पोरी सावित्रीमाई होऊन उभ्या राहतील, तेव्हा एका पोरीने फरारबाई होऊनही उभे राहावे, अशी आमची विनंती आहे.